आधी पत्ते हातात, मग बोली

ब्रिज शिकायला आलेला माणूस टिकणार की जाणार, हे बहुधा पहिल्या तासातच ठरतं. अहिल्यानगरच्या सावेडीत आमचं ब्रिजचं टेबल लागतं, तिथे मी हे अनेकदा पाहिलं आहे. नवा माणूस खुर्चीत बसतो न बसतो, तोच कुणी जुना खेळाडू बोली समजावू लागतो: किती गुणांवर तोंड उघडायचं, भिडूने एक नो-ट्रम्प म्हटलं तर काय, स्टेमन कधी. अर्धा तास होतो, तरी पाहुण्याच्या हातात एक पत्ता आलेला नसतो. चहा घेऊन, आभार मानून तो जातो आणि पुन्हा फिरकत नाही.

याची मला फार हळहळ वाटते, कारण ब्रिजची अर्धी तयारी झालेली माणसं आपल्याकडे घरोघर आहेत. लग्नघरी, मे महिन्याच्या सुट्टीत ज्यांनी मेंढीकोट खेळला आहे, त्यांना भिडू समोर बसतो, उतारीचा रंग असेल तर तोच टाकायचा, नसेल तर हुकमाने मारता येतं, यातलं काहीच सांगावं लागत नाही. जजमेंट खेळलेल्या पोरांना तर आपण किती हात करू, हे आधी बोलून दाखवायचीही सवय असते.

म्हणून आम्ही बोली बाजूला ठेवून मिनीब्रिजने सुरुवात करतो. नवशिक्यांसाठीची ही पद्धत फ्रान्समधून आली. पत्ते वाटले की प्रत्येकाने आपले गुण मोजायचे: एक्क्याचे 4, राजाचे 3, राणीचे 2, गुलामाचा 1. सगळे मिळून 40. चौघांनी गुण सांगायचे. ज्या जोडीचे जास्त, तिच्यातला जास्त गुणवाला डाव खेळणार. त्याच्या भिडूचे पत्ते टेबलावर उघडे मांडायचे, तीच डमी. ते पाहून हुकूम ठरवायचा, किती हात करणार ते सांगायचं, की डावीकडच्याची उतारी.

मागे एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. डमीत इस्पिकचे एक्का आणि राणी, बाईंच्या हातात इस्पिकची बारीक पानं, राजा बाहेर. सवयीने एक्का ओढायला गेलेला त्यांचा हात थांबला. "राजा डावीकडे असला तर?" असं पुटपुटत त्यांनी हातातली तिर्री टाकली. डावीकडून सत्ती पडली. बाईंनी डमीतली राणी लावली आणि हात झाला. हाच फिनेस, पुस्तकात तो नंतर वाचायचा. डाव संपल्यावर त्यांनी चौघांचे पत्ते पुन्हा मांडायला लावले आणि विचारलं, "आणि राजा उजवीकडे असता तर?" हा प्रश्न ज्याला पडला, त्याला घरून बोलावून आणावं लागत नाही.

त्याला पळवून लावणं मात्र सोपं आहे. डाव संपताच भिडू म्हणतो, "अहो, चौकट का उतरलात?" दोनदा असं झालं की नवखा खचतो. माझ्या मते मोबाइलपेक्षा या चिकित्सेनेच जास्त टेबलं मोडली असतील. आमचा दंडक असा, की नवख्याने विचारल्याशिवाय कुणी शिकवायचं नाही, आणि विचारलं तर एकच गोष्ट सांगायची. मुरलेल्या खेळाडूंना हे फार जड जातं.

दोन टेबलं जमली की डुप्लिकेट लावतो. पत्ते बोर्डाच्या चार खणांत जसेच्या तसे राहतात आणि तोच डाव दुसऱ्या टेबलावर जातो. 3 गुणांचा रडका हात आला तरी बिघडत नाही, कारण तिकडे त्याच जागी बसलेल्यालाही तोच हात मिळणार असतो, तुलना त्याच्याशी. पत्ते वाईट आले म्हणून कुढणारा माणूस इथे सावरतो.

घरच्यांची हरकत वेगळी असते. पत्ते म्हटलं की जुगार आठवतो. टेबलावर पैसा नाही, हे आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो. 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्यातून निव्वळ कौशल्याचे खेळ वगळलेले आहेत, हेही सांगतो. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ब्रिजमध्ये भारताला सुवर्णपदक मिळवून देणारे प्रणव बर्धन 60 वर्षांचे होते आणि शिवनाथ सरकार 56 वर्षांचे, हे ऐकून आजोबा खूश होतात. नगरकरांना मी आणखी एक आठवण देतो. 1942 पासून आपल्याच भुईकोट किल्ल्यात काँग्रेस कार्यकारिणी कैदेत होती, आणि सरदार पटेल तिथे सूतही कातत आणि ब्रिजही खेळत.

सगळ्यात मोठी अडचण चौथ्या खेळाडूची. एखाद्या संध्याकाळी तिघेच आले की खेळ होत नाही, आणि ते तिघे नवखे असले तर पुढच्या वेळी दोघेच येतात. म्हणून नव्यांच्या दिवशी आम्ही एका जुन्या खेळाडूला मोकळं ठेवतो. कमी पडेल तिथे तो बसतो, चौथा आला की उठतो आणि कुणाच्याही पत्त्यांत डोकावत नाही. हे काम करायला तयार असलेली दोन माणसं आमच्याकडे आहेत. तिसऱ्याच्या शोधात आहोत.