ग्लूटेन-फ्री बर्गर बाहेर कुठे मिळेल? मोबाईलवर असा शोधा आणि ऑर्डरआधी हे चार प्रश्न विचारा

घरी ज्वारीची भाकरी, तांदूळ, नाचणी असं सांभाळून खाता येतं. खरी पंचाईत होते ती बाहेर. सगळे मित्र बर्गर मागवतात आणि सिलिॲक असलेला एकजण नुसतं कोल्ड्रिंक घेऊन बसतो. गहू आणि बार्ली यांत असलेलं ग्लूटेन हे प्रथिन अशा माणसाच्या लहान आतड्याला इजा करतं. म्हणजे हा डाएटचा हट्ट नाही, आजार आहे. तरीही थोडी तयारी केली तर बर्गर खाता येतो. कसा, ते पाहूया.

किती ग्लूटेन चालतं?

भारतात एफएसएसएआय आणि अमेरिकेत एफडीए, दोघांच्याही नियमात ग्लूटेन-फ्री पदार्थाची मर्यादा 20 पीपीएम आहे. म्हणजे एका किलोत 20 मिलिग्रॅम. 300 ग्रॅमचा बर्गर या मर्यादेत असेल तर त्यातून जास्तीत जास्त 6 मिलिग्रॅम ग्लूटेन पोटात जातं. बहुतेक सिलिॲक रुग्णांना दिवसाला साधारण 10 मिलिग्रॅमपर्यंत त्रास होत नाही असं मानलं जातं. आता साध्या ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये दोनेक ग्रॅम तरी ग्लूटेन असतं. त्याचा दोनशेवा भाग म्हणजे 10 मिलिग्रॅम! म्हणून "वरचा पाव काढून खा ना" हा सल्ला इथे चालत नाही. पावाचा चुराच पुरेसा आहे.

फक्त फिल्टरवर विसंबू नका

डिलिव्हरी ॲपमध्ये 'ग्लूटेन-फ्री' सर्च केलं की यादी येते. पण हा शब्द बहुतेक वेळा हॉटेलनेच मेन्यूत लिहिलेला असतो, कोणी तपासलेला नसतो. अमेरिकेत निमा नावाचं, हातात मावणारं ग्लूटेन टेस्टर वापरणाऱ्यांनी हॉटेलात केलेल्या पाच हजारांहून जास्त चाचण्यांचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. ग्लूटेन-फ्री म्हणून दिलेल्या पदार्थांपैकी 32 टक्क्यांत ग्लूटेन सापडलं. लोक शंका आली की मुद्दाम टेस्ट करतात, त्यामुळे आकडा थोडा फुगलेला असू शकतो. तरी एवढं नक्की की लेबल ही सुरुवात आहे, खात्री नाही.

मोबाईलवर शोधायचं कसं?

1. गूगल मॅप्स: हॉटेलचं पान उघडा, रिव्ह्यूमध्ये जा आणि तिथल्या सर्चमध्ये इंग्रजीत सिलिॲक हा शब्द टाका. 'ग्लूटेन-फ्री' टाकलं तर डाएटवालेही येतात, सिलिॲक टाकलं की खरे रुग्ण सापडतात. ब्रिटनमध्ये या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये सी नंतर ओ येतो, तोही टाकून बघा. नवे रिव्ह्यू आधी वाचा. आचारी बदलला की सगळंच बदलतं.

2. फाइंड मी ग्लूटेन फ्री: परदेशात असाल तर हे ॲप घ्या. अमेरिकेत जास्त उपयोगी. पूर्ण किचनच ग्लूटेन-फ्री असलेली ठिकाणं यात वेगळी दिसतात. तशी जागा मिळाली तर अर्धं काम झालं.

3. ॲलर्जन चार्ट: मोठ्या ब्रँडच्या वेबसाइटवर हा तक्ता असतो. भारतातही एफएसएसएआयच्या 2020 च्या नियमांनुसार दहा किंवा जास्त शाखा असलेल्या साखळी हॉटेलांनी ॲलर्जनची माहिती द्यायची असते. मात्र वेबसाइटवर देश बरोबर निवडा. स्पेनमधल्या मॅकडोनाल्ड्समध्ये ग्लूटेन-फ्री पाव मिळतो, अमेरिकेत नाही. अमेरिकेत तर त्यांच्या फ्राइजच्या फ्लेवरमध्येही गव्हाचा अंश असतो. ब्रँड एकच, पण रेसिपी वेगळी.

आता फोन लावा

दुपारी चारच्या सुमारास लावा. गर्दी नसते, नीट उत्तर मिळतं. "ग्लूटेन चालत नाही" एवढ्यावर थांबू नका, "गहू, मैदा, रवा, बार्ली, काहीच चालत नाही, आजार आहे" असं सांगा. मग हे चार प्रश्न विचारा:

- पाव कशाचा? नाचणी किंवा मल्टीग्रेन बनमध्येही बऱ्याचदा मैदा असतो. पाकिटावरचं लेबल वाचून दाखवायला सांगा.
- पॅटीत काय आहे? आपल्याकडच्या व्हेज आणि चिकन पॅटीला सहसा ब्रेडचा चुरा लावलेला असतो. मसाल्यात हिंग असेल तर तेही विचारा, कारण बाजारातल्या बऱ्याच हिंगात मैदा मिसळलेला असतो.
- तेल वेगळं आहे का? ज्या कढईत ब्रेडचा चुरा लावलेली पॅटी तळली, त्यातच फ्राइज तळले तर ते चालणार नाहीत.
- पाव कुठे भाजता? साधे बन भाजलेल्या तव्यावर किंवा टोस्टरमध्ये नको. धुतलेला तवा, नाहीतर फॉइल.

उत्तर ऐकताना लक्ष द्या. "थांबा, आत विचारून सांगतो" म्हणणारा माणूस चांगला. काहीही न विचारता "हो हो, सगळं फ्री आहे" म्हणणाऱ्यापासून सावध राहा.

पाव नसेल तर?

अमेरिकेत इन-अँड-आउट आणि फाइव्ह गाईज इथे पावाऐवजी लेट्यूसच्या पानात बर्गर गुंडाळून देतात. भारतात असं सांगताना पॅटी चुरा न लावलेली, ग्रिल केलेली हवी हे आधी नक्की करा. आणि ग्रिलवर आधी पाव भाजले नव्हते ना, हेही विचारा.

परदेशी जाताना हीच माहिती तिथल्या भाषेत ट्रान्सलेट करून स्क्रीनशॉट काढून ठेवा. नेट नसलं तरी वेटरला दाखवता येतो.

शेवटी एकच. चार प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर गोलमाल वाटलं तर तिथे बर्गर नको. चांगली जागा सापडली तर मात्र मॅप्सवर सविस्तर रिव्ह्यू लिहा, त्यात सिलिॲक हा शब्द आणि तवा-तेलाची माहिती टाका. पुढच्याला सर्चमध्ये तोच सापडणार आहे.