पंगतीतील गोडधोड आणि गव्हाचे पथ्य



उत्सवाच्या पंगतीत एखादे मूल पानावरील लाडवास हात लावीत नसले, की आपण आग्रह करतो, "प्रसाद आहे, एवढ्याशाने काय होते?" सीलिॲक हा विकार असलेल्या मुलास हा प्रेमाचा आग्रहच अपाय करतो. म्हणून याविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

गहू, जव व राय या धान्यांत ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. कणकेचा चिवटपणा त्याचाच. या विकारात ग्लूटेन पोटात गेले, की शरीराची संरक्षक शक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरच उलटते. अन्न अंगी लागत नाही, मूल खुरटते. गव्हाशी असलेला हा संबंध हॉलंडचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० साली आपल्या प्रबंधात मांडला. आजन्म पथ्य हाच यावर उपाय होय.

आता आपल्या हळ्ळीखेडच्या घरांतील पदार्थ पाहू. पुरणपोळी, शेंगापोळी, येळवशीची गव्हाची खीर, शिरा, रव्याचे लाडू, करंजी, शेवया, मैद्याची जिलेबी ही सर्व वर्ज्य. रवा म्हणजे गहूच, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. उलट साखर, गूळ, दूध, तांदूळ, ज्वारी, बाजरी, हरभरा, तीळ, शेंगदाणे यांत मुळात ग्लूटेन नाही. तेव्हा तांदळाची खीर, तिळगूळ, शेंगदाण्याची चिक्की, घरचे श्रीखंड ही चालतात.

खरी फसगत होते ती तिसऱ्या वर्गात. गुलाबजामच्या खव्यात मैदा मिसळतात. बुंदी हरभऱ्याची खरी, पण शंकरपाळी तळलेल्या तेलातच ती काढली तर दोष येतो. गिरणीत गव्हामागून दळलेल्या बेसनातही गव्हाचे पीठ उतरते. बाजारच्या जिनसांवर 'ग्लूटेनमुक्त' असे छापावयाचे, तर किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन असता कामा नये, असा आपल्या देशाचा नियम आहे. सुट्या मिठाईवर असे काहीच छापलेले नसते. तेथे विचारूनच घ्यावे.

एक सूचना महत्त्वाची. नुसत्या संशयावरून गहू बंद करू नये. तसे केल्यास रक्ततपासणीत विकार लपून राहतो. आधी डॉक्टरांचा सल्ला, मग पथ्य.

आपल्या मुदपाकखान्यात तांदळाची खीर प्रथम, स्वच्छ पातेल्यात शिजवावी व तिचा डाव निराळा ठेवावा. एवढ्याने ते मूलही सर्वांबरोबर पानावरून तृप्त होऊन उठेल. पंगतीचा हेतू याहून निराळा तो कोणता?