कायद्याच्या शब्दांचा अर्थ : औरंगाबाद खंडपीठाच्या निमित्ताने

कायदा विधिमंडळ करते. परंतु वाद उभा राहिला की त्यातील शब्दांचा अर्थ न्यायालय सांगते. हा विषय केवळ वकिलांचा आहे, अशी आपली समजूत असते. मराठवाड्यातील सामान्य पक्षकारापासून उच्च न्यायालयाचे दार किती दूर असावे, हा प्रश्न मात्र एकदा अशाच अर्थावर येऊन ठेपला होता.

मुदखेडचे उदाहरण घेऊ. १९५६ पर्यंत मुदखेड हैदराबाद राज्यात होते व त्याचे उच्च न्यायालयही हैदराबादला होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि दाद मागण्याचे ठिकाण मुंबई झाले. जमिनीच्या तुकड्यासाठी भांडणाऱ्या शेतकऱ्याला प्रवास, मुक्काम आणि बुडालेली मजुरी यांचा भार न्यायाच्या खर्चात मिळवावा लागे.

१९८१ साली मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांनी राज्यपालांच्या संमतीने आदेश काढला आणि २७ ऑगस्टपासून न्यायमूर्ती औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे बसू लागले. या आदेशाला आव्हान मिळाले. मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला आणि राज्य शासन सर्वोच्च न्यायालयात गेले.

वाद होता राज्य पुनर्रचना अधिनियम, १९५६ च्या कलम ५१ चा. त्याच्या दुसऱ्या पोटकलमानुसार कायम खंडपीठ स्थापण्याचा अधिकार राष्ट्रपतींचा आहे. तिसऱ्या पोटकलमानुसार मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या संमतीने न्यायमूर्तींच्या बैठकीसाठी अन्य ठिकाण नेमू शकतात. मग हा तिसऱ्या पोटकलमाचा अधिकार स्वतंत्र आहे काय? आणि १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे विभाजन झाल्यावरही तो जिवंत राहिला काय?

नारायण शामराव पुराणिक प्रकरणात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही प्रश्नांना होकारार्थी उत्तर दिले. दोन पोटकलमांची कार्ये वेगळी आहेत. कायद्याने दिलेला अधिकार एकदा वापरला म्हणून संपत नाही, गरज पडेल तेव्हा तो पुन्हा वापरता येतो. अर्थ लावण्याचा मूळ नियमही हाच, की कलम समग्र वाचावे आणि त्याचा कोणताही भाग निरर्थक ठरू देऊ नये. पुढे १९८४ साली राष्ट्रपतींच्या आदेशाने औरंगाबादचे खंडपीठ कायम झाले. नांदेड व लातूरचे पक्षकार आज तेथेच दाद मागतात.

असा निर्णय त्या एका खटल्यापुरता राहत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १४१ नुसार सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो. बंधन असते ते निर्णयाच्या मूळ कारणाचे. ओघात आलेल्या प्रत्येक वाक्याचे नव्हे. वस्तुस्थिती मूलतः निराळी असेल, तर न्यायाधीश तो पूर्वनिर्णय येथे लागू नाही असे म्हणू शकतात. याच तिसऱ्या पोटकलमाच्या आधारे १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर येथेही उच्च न्यायालयाचे कामकाज सुरू झाले.

येथे ख्रिस्तसभेच्या कायद्याशी तुलना उद्बोधक ठरेल. १९८३ च्या कॅनन लॉच्या नियम १७ नुसारही कायदा शब्दांच्या योग्य अर्थाने, मजकूर व संदर्भ पाहून समजून घ्यायचा असतो. मात्र नियम १६ सांगतो, की न्यायनिवाड्यातून लावलेल्या अर्थाला कायद्याचे बळ नसते. तो त्या व्यक्तींना व त्या बाबींनाच बांधतो. दिवाणी न्यायालयांची रीत याहून वेगळी आहे.

म्हणून “कोर्टाने असे म्हटले आहे” असे कोणी सांगितले, तर आपण तीन गोष्टी विचाराव्यात : कोणत्या न्यायालयाने, कोणत्या कलमाविषयी आणि कोणत्या वस्तुस्थितीत? अर्धवट ऐकलेल्या निकालाच्या भरवशावर जमीन वा वारसा सोडून देणारी माणसे आपल्या आसपास आहेत. वकिलाला हे तीन प्रश्न विचारण्यात संकोच नसावा. कायद्याचा अर्थ समजून घेणे हा पक्षकाराचाही हक्क आहे.