आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी : भूमिकाप्रधान खेळातील युद्धरचना व चाहत्यांच्या अपेक्षा

भूमिकाप्रधान संगणकीय खेळ प्रसिद्ध होण्यापूर्वी त्याच्याविषयी जे बोलले जाते आणि खेळ हाती आल्यावर त्यातील युद्धात जे प्रत्यक्ष घडते, या वरवर पाहता भिन्न गोष्टी होत. पहिलीचे क्षेत्र भाषा, दुसरीचे क्षेत्र कृती. तथापि अलीकडील काही उदाहरणे तपासली असता दोहोंच्या मुळाशी एकच व्यापार असल्याचे दिसून येते. समोरच्याच्या मनात अपेक्षा उत्पन्न करावयाची आणि ती योग्य वेळी, योग्य रीतीने पुरी करावयाची, हा तो व्यापार होय. प्रस्तुत लेखात त्याचे स्वरूप भारतीय शाब्दबोधविचाराच्या साहाय्याने स्पष्ट करावयाचे आहे.

या खेळप्रकाराचा उगम संगणकात नाही. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा फासे टाकून, टेबलाभोवती बसून खेळावयाचा खेळ प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो. पात्राचे बळ, चापल्य, बुद्धी इत्यादी गुण अंकांनी दर्शविले जातात आणि अनुभवागणिक ते वाढत जातात. संगणकाने ही पद्धती उचलली, तेव्हा युद्धाच्या दोन रीती रूढ झाल्या. एक पाळीची : प्रत्येकाने आपापल्या पाळीस एक कृती करावी व दुसऱ्याने तोवर थांबावे. दुसरी सलग : शत्रू थांबत नाही आणि खेळाडूला क्षणार्धात बटण दाबून उत्तर द्यावे लागते. यांपैकी कोणती रीत स्वीकारावी, हा निर्णय निर्माते तांत्रिक मानतात. चाहते मात्र त्याकडे वचन म्हणून पाहतात. वादाचा उगम बहुधा येथेच असतो.

वाक्यार्थाचे ज्ञान होण्यास तीन गोष्टी आवश्यक आहेत, असे नैयायिक सांगतात : आकांक्षा, योग्यता व सन्निधी. एक पद उच्चारले असता ते दुसऱ्या पदाची गरज निर्माण करते, ही आकांक्षा. 'गाय, घोडा, मनुष्य, हत्ती' असे शब्द ओळीने उच्चारले तरी वाक्य होत नाही, कारण तेथे परस्परांची आकांक्षा नाही. पदांच्या अर्थांत विरोध नसणे ही योग्यता. 'अग्नीने शिंपतो' या शब्दरचनेत तिचा अभाव आहे. आणि पदे विलंब न लावता एकापाठोपाठ येणे हा सन्निधी. एक पद आता व दुसरे प्रहराने उच्चारल्यास श्रोत्यास बोध होत नाही. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'मुळे हे विवेचन विद्यार्थ्यांस परिचित आहे. ते वाक्याविषयीचे असले, तरी संकेत व प्रतिसाद यांवर उभारलेल्या कोणत्याही रचनेस लावून पाहता येते.

युद्धरचना ही अशीच एक रचना होय. सलग रीतीच्या खेळात शत्रू वार करण्यापूर्वी हात मागे घेतो, शस्त्र चमकते किंवा एखादा विशिष्ट आवाज होतो. ही पूर्वसूचना म्हणजे आकांक्षा. ती पाहून खेळाडूने बाजूस सरावे, ढाल पुढे करावी अथवा प्रतिवार करावा, अशी रचनेची अपेक्षा असते. पूर्वसूचना न देता वार झाला, तर खेळाडू हरल्याचे दुःख करीत नाही. तो खेळालाच अन्यायी म्हणतो. योग्यतेचा संबंध साधनांशी आहे. कवचधारी राक्षसावर बाण निष्प्रभ ठरावा, परंतु गदा परिणामकारक व्हावी, असा भेद ठेवला म्हणजे निवड अर्थपूर्ण होते. सर्व शस्त्रांचा परिणाम सारखाच असेल, तर निवड उरतच नाही. सन्निधी काळाचा आहे. सेकंदास ६० चित्रे दाखविणाऱ्या खेळात प्रत्येक चित्र सुमारे १७ सहस्रांश सेकंद टिकते. बटण दाबणे आणि पडद्यावर तलवार उचलली जाणे यांत अशी बरीच चित्रे निघून गेली, तर कृती आपली आहे ही जाणीव तुटते. उत्तम चित्रे, उत्तम संगीत आणि उत्तम कथा असूनही पुष्कळ खेळांतील युद्ध 'जड' वाटते, ते बहुधा या तिसऱ्या कारणाने.

आता घोषणेकडे वळावे. 'बाल्डर्स गेट' या मालिकेचे पहिले दोन खेळ १९९८ व २००० साली कॅनडातील बायोवेअर या संस्थेने निर्मिले होते. त्यांतील युद्ध सलग चालत असे, परंतु खेळाडूस इच्छेनुसार ते थांबवून आज्ञा देता येत. २०१९ साली बेल्जियममधील लॅरियन स्टुडिओजने तिसऱ्या खेळाची घोषणा केली व पुढे त्यात पाळीची रीत योजली. जुन्या चाहत्यांपैकी अनेकांनी आक्षेप घेतला. भाषिक दृष्टीने हा आक्षेप निराधार नव्हता. नावातील '३' हा अंक पूर्वीच्या दोन पदांशी नाते सांगत होता. त्यानेच सातत्याची आकांक्षा निर्माण केली होती. लॅरियनची बाजूही दुर्बल नव्हती. मूळ टेबलावरील खेळ पाळीचाच असल्याने त्याच्या नियमांशी योग्यता पाळीच्या रीतीचीच अधिक होती. येथे आकांक्षा आणि योग्यता परस्परविरोधी झाल्या होत्या.

हा पेच घोषणेतील शब्दांच्या फेरफाराने सुटला नाही. ६ ऑक्टोबर २०२० रोजी अपुरा खेळ विक्रीस खुला करण्यात आला. त्यात कथेचा केवळ पहिला अंक होता, आणि तो अपुरा असल्याचे ग्राहकांस स्पष्ट सांगितलेले होते. पूर्ण खेळ ३ ऑगस्ट २०२३ रोजी आला. मधल्या जवळजवळ तीन वर्षांत खेळाडूंच्या अनुभवावरून युद्धाचे नियम बदलत गेले. उदाहरणार्थ, आरंभी उडी मारणे व शत्रूच्या कक्षेतून सुरक्षित निसटणे ही एकच कृती होती. त्यामुळे निसटण्यास किंमतच उरली नव्हती; पुढे या दोन कृती वेगळ्या केल्या गेल्या.

फाशांविषयीचा फेरफार अधिक उद्बोधक आहे. वीस पैलूंच्या फाशावर ८ वा अधिक पडल्यास वार लागतो, असे धरले, तर यशाची शक्यता ६५ टक्के होते. लागोपाठ दोनदा वार चुकण्याची शक्यता १२ टक्क्यांहून किंचित अधिक, म्हणजे साधारणतः आठांत एकदा येते. गणिताने हे स्वाभाविक आहे. परंतु '६५ टक्के' हे शब्द वाचणाऱ्याच्या मनात 'बहुतेक लागणारच' असा अर्थ उमटतो आणि दोन वार चुकताच तो फसविला गेल्याची तक्रार करतो. लॅरियनने पूर्वप्रवेशाच्या काळातच, अपयशाची सलग मालिका टाळणारे फासे ऐच्छिक म्हणून उपलब्ध केले. आकड्याचा गणिती अर्थ आणि श्रोत्यास होणारा बोध यांतील अंतर रचनेतच भरून काढण्याचा हा प्रयत्न होता. २०२३ सालचा सर्वोत्कृष्ट खेळ म्हणून 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये याच खेळाची निवड झाली.

विरुद्ध उदाहरण पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट रेडच्या 'सायबरपंक २०७७'चे. २०१२ साली घोषित झालेला हा खेळ एकट्या २०२० सालात तीन वेळा लांबणीवर पडून १० डिसेंबर २०२० रोजी प्रसिद्ध झाला. जुन्या यंत्रांवर तो इतका सदोष चालला की, आठवड्याभरातच सोनीने आपल्या दुकानातून तो काढून टाकला. जून २०२१ मध्ये तो परत आला. युद्ध व पात्रविकास यांची पद्धती सप्टेंबर २०२३ च्या मोठ्या सुधारणेने बव्हंशी नव्याने बांधली गेली आणि त्यानंतर खेळाची प्रतिष्ठा सावरली. येथे आकांक्षा आठ वर्षे वाढू दिली गेली. सन्निधी मात्र राहिला नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न केवळ परकीय कुतूहलाचा राहिलेला नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहान संस्थेने 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' या खेळासाठी २०१७ साली किकस्टार्टरवर लोकवर्गणीचे आवाहन केले व त्यासोबत एक नमुनाखेळही दिला. वर्गणीचे उद्दिष्ट पुरे झाले नाही; तरीही खेळ २०२० साली प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या गटात त्यास नामांकन मिळाले. हा खेळ काटेकोर अर्थाने भूमिकाप्रधान नसून साहसप्रधान आहे, परंतु प्रस्तुत विषयास तो उपयुक्त आहे. नायिका राजी ही डोंबाऱ्यासारख्या कसरती करणारी मुलगी. म्हणून ती खांबाभोवती गिरकी घेऊन, भिंतीवर धावून त्रिशूळाचा वार करते. पात्र आणि युद्ध यांतील योग्यता येथे उत्तम साधली आहे. समीक्षकांनी चित्रशैली व वातावरण यांची वाखाणणी केली. युद्धातील सफाई आणि कथेचा अकस्मात शेवट यांविषयी मात्र काहींनी असमाधान व्यक्त केले. शेवटाविषयीची तक्रार ही अपुऱ्या आकांक्षेचीच तक्रार होय. पुण्याच्याच सुपरगेमिंगचा 'इंडस' हा नेमबाजीचा खेळ २०२२ मध्ये घोषित होऊन ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. प्रकाशनापूर्वीच त्यासाठी एक कोटीहून अधिक नोंदण्या झाल्या होत्या. एवढ्या मोठ्या अपेक्षेचा भार पेलण्याचा प्रसंग मराठी मुलखातील निर्मात्यांवर आता येऊ लागला आहे. मोठी संस्था एका अपेक्षाभंगातून तीन वर्षांनी सावरू शकते. लहान संस्थेस दुसरी संधी मिळेलच असे नाही.

प्रेक्षकांच्या अपेक्षेची जाण या मुलखास नवी नाही. तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे जाताना बेलवाडीस गोल रिंगण होते आणि पुढे अंथुर्ण्यास मुक्काम पडतो. रिंगणात अश्व धावणार हे पाहणाऱ्यास पूर्वीच ठाऊक असते. गेल्या वर्षीचेच यंदाही झाले, अशी तक्रार कोणी करीत नाही, कारण तेथे पुनरावृत्ती हीच अपेक्षा आहे. याच भागातील जत्रांमधील कुस्त्यांचा फड मात्र निराळा. आरंभी रेवड्यांवर लहान मुलांच्या कुस्त्या लागतात, मग इनामाची रक्कम चढत जाते आणि अखेरीस मोठी जोड येते. भूमिकाप्रधान खेळातील चढत्या पायऱ्यांची हीच रचना आहे. जोड विजोड लागली तर फड नाराज होतो. निकाली कुस्ती जाहीर करून ती बरोबरीत सोडविली, तर त्याहून अधिक नाराज होतो. नियम ज्ञात, निकाल अज्ञात आणि जाहीर केलेला शब्द पाळलेला, एवढेच तो मागतो. मराठीत 'डाव' हा एकच शब्द कुस्तीतील युक्ती, खेळातील पाळी आणि कपट या तिन्ही अर्थांनी चालतो. पहिल्या दोन अर्थांतून तिसऱ्याकडे प्रेक्षक केव्हा सरकतो, हे ओळखणे निर्मात्याचे काम आहे.

अपेक्षा, प्रतीक्षा, परीक्षा व उपेक्षा हे चारही शब्द 'ईक्ष्', म्हणजे पाहणे, या एकाच धातूपासून निघाले आहेत. घोषणा होताच अपेक्षा, विलंबकाळात प्रतीक्षा आणि खेळ हाती आल्यावर परीक्षा, हा चाहत्याच्या दृष्टीचा प्रवास असतो. परीक्षेत खेळ उतरला नाही, तर तीच दृष्टी उपेक्षेत परिणत होते. म्हणून आगामी खेळाच्या निर्मात्याने तीन पथ्ये पाळणे इष्ट ठरते. युद्धाची रीत निश्चित होताच ती सांगावी, कारण मौनातही चाहता आपल्या मनाने वाक्य पुरे करतो. जे दाखवावयाचे ते खेळता येण्याजोग्या स्वरूपात दाखवावे, कारण चित्रफितीने आकांक्षा वाढते, परंतु योग्यतेची परीक्षा होत नाही. आणि तारीख जाहीर करावयाची ती काम पूर्णत्वास आल्यावर, कारण तारीख हे वाक्याचे अखेरचे पद आहे. ते उच्चारल्यावर श्रोता क्रियापदाचीच वाट पाहत राहतो.