भागीदारीत उतरण्यापूर्वी

उमेळे-नायगावात दोघांनी मिळून गाळा घेऊन धंदा मांडला आणि नफा वाटून घ्यायचे ठरले, की भारतीय भागीदारी कायदा, १९३२ लागू होतो. करारपत्र नसले तरीही.

• वाटणी : वेगळे ठरले नसेल, तर भांडवल कमी-जास्त असले तरी नफा-तोटा समसमान. राबणाऱ्याला पगार नाही. भांडवलाखेरीज घातलेल्या पैशावर मात्र वार्षिक ६ टक्के व्याज.

• निर्णय : रोजचे मतभेद बहुमताने सुटतात, धंद्याचे स्वरूप बदलायला सर्वांची संमती लागते. दोघेच असाल तर बहुमत होतच नाही. म्हणून मध्यस्थ आधीच ठरवा.

• हिशेब : वह्या पाहण्याचा हक्क प्रत्येक भागीदाराला आहे. दर महिन्याला एकत्र बसा.

• देणी : धंद्यासाठी एकाने केलेले कर्ज सर्वांना फेडावे लागते, प्रसंगी घरच्या मालमत्तेतून.

• नोंदणी : सक्ती नाही, पण नोंदणी नसलेल्या फर्मला थकबाकीसाठी सहसा दावा लावता येत नाही.

• बाहेर पडणे : करारात तरतूद नसेल, तर भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते. निवृत्त होताना जाहीर सूचना द्या.

प्रभातचा दाखला : १९२९मध्ये कोल्हापुरात शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी या पाच भागीदारांनी ‘प्रभात’ ही चित्रपट कंपनी काढली. १९४२मध्ये शांताराम बाहेर पडले. नावाजलेल्या भागीदारीतही ही वेळ येते. त्यामुळे हिस्सा कसा मोजायचा आणि किती हप्त्यांत द्यायचा, हे गोडीत असतानाच लिहून ठेवावे.