‘डूलाली’ शब्दाचें मूळ

नाशिकजवळील देवळाली गांवाचें नांव इंग्रजींत वेडसरपणाचें वाचक होऊन बसलें आहे. डोकें फिरलेल्यास ‘डूलाली’ म्हणतात. मूळ प्रयोग ‘डूलाली टॅप’ असा असून, ‘टॅप’ म्हणजे आपला ‘ताप’च होय. फ्रेझर व गिबन्स यांच्या १९२५ च्या सैनिकी शब्दकोशांत तो नमूद आहे. मराठींत मात्र गांवाचें नांव निष्कलंक राहिलें!

देवळालीस वेड्यांचें इस्पितळ होतें म्हणून हा अर्थ रूढ झाला, असें कित्येक सांगतात. आम्हांस फ्रँक रिचर्ड्स या गोऱ्या शिपायाची साक्ष अधिक ग्राह्य वाटते. त्याच्या आठवणी १९३६ सालीं छापल्या गेल्या. नोकरीची मुदत संपलेले शिपाई विलायतेस धाडण्यापूर्वीं या छावणींत ठेवीत. फौजेचीं जहाजें मुंबईहून हिवाळ्याच्या हंगामांतच सुटत. हंगाम हुकला कीं महिनेच्या महिने खोळंबा. या लोकांपाशीं हत्यारें नसत, कामही जवळजवळ नसे. ज्यांची वर्तणूक आजवर निर्दोष होती असे कांहीं शिपाईही तेथें भलतेंच कांहीं करून बसत व मायदेशाऐवजीं आधीं तुरुंगांत जात. म्हणजे ज्यास उपचार हवा, त्यास कोठडी आणि सोबत्यांनीं दिलेलें एक टोपणनांव, एवढेंच मिळे. हा ताप लढाईचा नव्हता, रिकामपणाचा होता.

सैनिकांस व त्यांच्या कुटुंबीयांस दूरध्वनीवरून मानसिक साहाय्य देणारा ‘टेली-मानस’चा स्वतंत्र कक्ष पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयांत १ डिसेंबर २०२३ रोजीं उघडला.