फोनचा एक कोअर बंद झाला, तर त्याच्या वाट्याचे इंटरप्ट कोण घेतं?

मे महिना. नागपुरात पारा ४५ अंशांच्या आसपास. गाडीच्या हँडलला लावलेला फोन मॅप दाखवता दाखवता इतका तापतो की हात लावू देत नाही. अशा वेळी फोन स्वतःला वाचवण्यासाठी आधी प्रोसेसरचा वेग कमी करतो. काही फोन त्याच्याही पुढे जाऊन एखाद-दोन कोअर चक्क बंद करतात. क्वालकॉमच्या जुन्या चिप असलेल्या फोनमध्ये तर 'एमपीडिसिजन' नावाचा प्रोग्रॅम बॅटरी वाचवायला दिवसभर हेच करायचा.

तरी बोट लावलं की टच लागतो, कॉल आला की रिंग वाजते. हे कसं काय जमतं?

इंटरप्ट म्हणजे काय?

टचस्क्रीन, मोडेम, वायफाय यांना प्रोसेसरचं लक्ष हवं असलं की ते एक सिग्नल पाठवतात. 'हातातलं काम ठेव, आधी इकडे बघ', एवढाच त्याचा अर्थ. हाच इंटरप्ट. तो कोणत्या कोअरकडे जाईल याचा पत्ता कर्नल लिहून ठेवतो आणि इंटरप्ट कंट्रोलर नावाचं हार्डवेअर त्या पत्त्यावर तो पोचवतं. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचाच कर्नल आहे.

आता कोअर बंद केला, पण पत्ता तोच राहिला तर? सिग्नल बंद दारावर जाऊन पडणार. टच मेला, नाहीतर डेटाची वाट बघत अ‍ॅप लटकलं!

बंद होताना

स्टेशनवरच्या तिकीट खिडकीचं उदाहरण घ्या. खिडकी बंद करायची तर आधी रांगेतल्या लोकांना शेजारच्या खिडकीवर पाठवावं लागतं. कर्नलही तेच करतो.

१. त्या कोअरवर चालू असलेली कामं दुसऱ्या कोअरवर हलवतो.
२. क्षणभर सगळ्याच कोअरना थांबवतो, म्हणजे मधेच कोणी गोंधळ घालत नाही.
३. जाणाऱ्या कोअरचं नाव चालू कोअरच्या यादीतून काढतो आणि त्याच्या इंटरप्टना नवीन पत्ता देतो.
४. पत्ता बदलेपर्यंत एखादा इंटरप्ट जुन्या दारात येऊन थांबला असेल, तर? इंटेल-एएमडी प्रोसेसरवर कर्नल हे तपासतो आणि तो इंटरप्ट नवीन पत्त्यावर पुन्हा पाठवतो.

प्रत्येक कोअरचा स्वतःचा टायमर मात्र हलवता येत नाही. तो थांबवून त्यावर लावलेले 'अलार्म' तेवढे दुसऱ्या कोअरकडे दिले जातात.

परत चालू होताना

इथे बऱ्याच जणांचा गैरसमज होतो. कोअर परत आला म्हणजे सगळं आपोआप पूर्ववत होत नाही. शेजारच्या खिडकीवर गेलेली माणसं तिथेच उभी राहतात! हलवलेले साधे इंटरप्ट नवीन कोअरवरच राहतात. त्यांची पुन्हा वाटणी करायला 'आयआरक्यूबॅलन्स'सारखा वेगळा प्रोग्रॅम लागतो.

अपवाद आहे 'मॅनेज्ड' इंटरप्टचा. एनव्हीएमई एसएसडीमध्ये साधारणपणे प्रत्येक कोअरसाठी वेगळी रांग असते. तो कोअर गेला की त्या रांगेचा इंटरप्ट हलवत नाहीत, बंदच करतात. कोअर आला की तो पुन्हा सुरू होतो. ही सोय लिनक्स ४.१३ मध्ये, म्हणजे २०१७ साली आली.

स्वतः बघायचंय?

लिनक्स लॅपटॉपवर 'प्रोक' फोल्डरमधली 'इंटरप्ट्स' ही फाईल उघडा. प्रत्येक कोअरचा एक रकाना दिसेल. मग 'सिस' फोल्डरमध्ये कोअर ३ च्या 'ऑनलाइन' फाईलमध्ये, रूट परवानगीने, शून्य लिहा आणि पहिली फाईल पुन्हा उघडा. तो रकानाच गायब! एक लिहिलं की रकाना परत येतो, जुने आकडेही तसेच असतात. पण त्यातले कोणते आकडे आता वाढत नाहीत ते नीट बघा. ते इंटरप्ट शेजारच्या खिडकीवरच राहिलेत.

हा प्रयोग फोनवर मात्र करू नका, त्यासाठी फोन रूट करावा लागतो. फोन तापला तर एवढंच करा: सावलीत ठेवा, कव्हर काढा, चार्जिंग थांबवा. बाकीचं कर्नल बघून घेईल.